पूररेषेवर हरकत घेण्याआधी काय काय तपासावं

पूररेषा दाखवणाऱ्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ मध्ये तसं लिहिलेलं आहे. त्यातले बरेच दिवस नकाशा कुठे बघायला मिळतो याच चौकशीत जातात. मग शेवटच्या दोन दिवसांत लोक एकच वाक्य लिहून देतात. नदीजवळचे लिहितात, 'आमचा भाग पूरबाधित असल्याने बांधकामास हरकत आहे.' जमीनवाले लिहितात, 'आमच्या प्लॉटला कधीच पाणी आलेलं नाही, तरी रेषा मागे घ्यावी.' दोन्ही हरकती सुनावणीत अर्ध्या मिनिटात निकाली निघतात, कारण नियोजन समितीनं तोलावं असं त्यात काहीच नसतं.

मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली ती जलविज्ञानाच्या कामात. नदीची पातळी नोंदवायची, विसर्ग, म्हणजे सेकंदाला किती पाणी वाहतं ते, काढायचा, तक्ते तयार करायचे. माहेर सांगलीच्या गावभागातलं, त्यामुळे कृष्णेचं पाणी कुठल्या गल्लीत आधी शिरतं हे शाळेत असल्यापासून ठाऊक. निवृत्त झाल्यावर आता ओळखीच्या सोसायट्यांना आणि आसपासच्या ग्रामपंचायतींना हरकती लिहायला मदत करते. हे टिपण सांगलीवर बेतलेलं असलं तरी पंचगंगा, मुठा, वाशिष्ठी, कुठल्याही नदीकाठी चालेल.

सगळ्यात आधी एक सवय सोडा. 'इथं धोका आहे का नाही?' असं विचारू नका. त्याचं खरं उत्तर कुणाकडेच नसतं आणि 'नाही' म्हणणारा अधिकारी नेहमी सापडतो. त्याऐवजी विचारा: हा अंदाज चुकला तर भुर्दंड कुणाला, आणि तेव्हा मागे फिरता येईल का? पुढचं सगळं या प्रश्नाभोवती आहे.

निर्णय एका ओळीत लिहा

'पुराचं काहीतरी करा' हा निर्णय नव्हे. 'अमुक सर्व्हे नंबर शेती विभागातून निवासी विभागात घ्यायचा का' हा निर्णय. 'नाल्याच्या तोंडाशी भराव टाकायला परवानगी द्यायची का' हाही. त्या ओळीखाली निर्णय कोण घेणार, कधीपर्यंत, आणि तो नंतर बदलायचा झाला तर कसा, एवढं लिहा. ही ओळ जमली नाही तर पुढे जाऊ नका. ज्या गोष्टी समोरच्या समितीच्या हातातच नाहीत, त्या हरकतीत कोंबल्या की मूळ मुद्दा पातळ होतो.

रेषा काय सांगते

पूररेषा दोन असतात. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा, आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीकाठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा. बांधकामाच्या २०२० च्या एकत्रीकृत नियमावलीप्रमाणे या दुसऱ्या पट्ट्यात बांधकाम करता येतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर. म्हणजे जेमतेम दीड फूट. हा दीड फूट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

'२५ वर्षांतून एकदा' ऐकलं की माणूस समजतो, एकदा येऊन गेला, आता पंचवीस वर्षं निवांत. तसं नसतं. दरवर्षी शंभरात चार, अशी ती शक्यता असते, आणि यंदा पूर आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. आता घराचं कर्ज तीस वर्षांचं धरा. त्या तीस वर्षांत निळ्या रेषेपर्यंत निदान एकदा पाणी येण्याची शक्यता ७१ टक्के निघते. लाल रेषेपर्यंत येण्याची शक्यता २६ टक्के, म्हणजे चारात एक. हरकतीत '१०० वर्षांतून एकदा' असं न लिहिता 'कर्ज फिटेपर्यंत चारात एक' असं लिहा. गणित तेच, पण समितीतल्या माणसाला ते स्वतःच्या घरासारखं दिसायला लागतं.

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं, २०१९ मध्ये ५७ फुटांच्या पुढे, २०२१ मध्ये पुन्हा ५४ फुटांच्या वर. सतरा पावसाळ्यांत तीन वेळा. यावरून दोन अर्थ काढता येतात. एक तर वाईट योग जुळले, नाहीतर ज्या नोंदींवरून आपण 'पंचवीस' आणि 'शंभर' काढले त्या आता या नदीला लागू पडत नाहीत. नुसत्या तीन आकड्यांवरून यातलं कुठलंही खात्रीनं म्हणता येणार नाही. पण दुसरी शक्यता खरी असू शकते एवढं पुरेसं आहे, आणि रेषा आखणाऱ्यानं ती गृहीत धरली का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

रेषेच्या पोटात शिरा

माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा आणि रेषा ज्यावरून काढली तो अहवाल मागा. नुसता नकाशा मागू नका. उत्तराची मुदतही तीसच दिवस आहे, म्हणून मसुदा निघायची वाट न बघता आधीच अर्ज टाकून ठेवा. अहवाल हातात आला की मी ज्या गोष्टी पाहते त्या अशा.

नोंदी किती वर्षांच्या? चाळीस-पन्नास वर्षांच्या नोंदींवरून शंभर वर्षांचा पूर काढणं म्हणजे जिथपर्यंत पाहिलंय त्याच्या पलीकडे आलेख ओढत नेणं. ते चुकीचं नाही, दुसरा इलाजच नसतो. पण मग उत्तर एका आकड्यात देता येत नाही. 'अमुक ते अमुक मीटरच्या दरम्यान' असं द्यावं लागतं. अहवालात खालची-वरची मर्यादा दिलेली नसेल तर ती मागा. ही तुमची पहिली ठोस हरकत झाली.

शेवटचं वर्ष कोणतं? २०१९ आणि २०२१ चे पूर हिशेबात धरलेत का? नदीचे आडवे छेद, म्हणजे काठापासून काठापर्यंत पात्राची खोली-रुंदी, कधी मोजलेत? २००५ नंतर काठावर बरंच काही उभं राहिलंय. पुलांचे जोडरस्ते भराव घालून उंच केलेत आणि ते पुरात बंधाऱ्यासारखे पाणी अडवतात. मोजणी त्याआधीची असेल तर रेषा आजच्या नदीची नाही.

पुण्याचं उदाहरण द्या. मुठेची निळी रेषा ६० हजार क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) विसर्गाला धरलेली, आणि जुलै २०२४ मध्ये ३५ हजारांच्या आसपास विसर्ग असतानाच सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत घराघरात पाणी होतं. विसर्ग कागदावरच्यापेक्षा कमी, पाणी मात्र माणसांच्या छातीशी. पात्रातला अडथळा वाढला की तोच विसर्ग जास्त उंचीवरून जातो.

आता ज्यावर कुणी बोलत नाही ते. अहवालात कुठेतरी 'मॅनिंगचा गुणांक' असतो, एक छोटासा दशांश आकडा. नदीच्या तळाचा आणि काठाचा खडबडीतपणा किती, तो या आकड्यानं मोजतात. मोकळं, स्वच्छ पात्र असेल तर ०.०३०. काठाला बाभळी, पुराच्या पट्ट्यात उभा ऊस, मध्येच कुणी टाकलेला राडारोडा असेल तर आकडा वाढतो. रुंद पात्रात ०.०३० च्या जागी ०.०४५ धरला, तर तेवढाच विसर्ग वाहून जायला पाण्याची खोली साधारण सव्वापट लागते. पाऊस तोच, धरणाचा विसर्ग तोच, फक्त टेबलावर बसून निवडलेला एक आकडा बदलला. दहा मीटर खोल पाणी असेल तर फरक अडीच मीटरचा. नियमावलीतला दीड फूट आठवा. त्या दीड फुटाच्या भरवशावर जोतं बांधायला परवानगी मिळते, आणि गुणांकाच्या निवडीतलीच अनिश्चितता त्याच्या कितीतरी पट असू शकते. म्हणून विचारा: हा आकडा कुठून आणला? २०१९ च्या पुरात भिंतींवर ज्या खुणा राहिल्या त्यांच्याशी ताडून पाहिला का? पुराच्या खुणांशी ताडलेला अहवाल असेल तर त्याच्यावर माझा बराच विश्वास बसतो. नसेल तर पुस्तकातला आकडा उचललाय असं समजा.

खुणा तुमच्याकडेच आहेत. जुन्या घरांच्या भिंतींवर, देवळाच्या खांबांवर, वीजमीटरच्या पेटीवर पाण्याची रेघ असते. तिचा फोटो काढा, जमिनीपासूनची उंची टेपनं मोजा, वर्ष लिहा. दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रस्ता या भागांत विचारलंत तर माणसं इंचात सांगतात. एकाच गल्लीतल्या चार-पाच घरांची मापं जुळली की तो पुरावा होतो. त्यावर सर्व्हेअरकडून समुद्रसपाटीपासूनची उंची काढून घेतलीत तर अधिकच पक्का, कारण नकाशा मीटरमध्ये असतो आणि आपली सगळी आठवण पुलावरच्या फुटांत. त्यासाठी पुलावरच्या गेजचा, म्हणजे पातळीच्या पट्टीचा, शून्य किती मीटरवर आहे तेही मागून घ्या. आणि एक भान ठेवा, नदीला उतार असतो. आयर्विनला जी पातळी, तीच त्या वेळी हरिपूरच्या संगमाला नसते. पुलावरचा आकडा उचलून थेट आपल्या प्लॉटला लावू नका.

शेवटी रेषेची जाडी. १:१०,००० च्या नकाशावर एक मिलिमीटर जाड रेघ म्हणजे जमिनीवर दहा मीटर, आख्खं एक घर रेघेच्या पोटात मावतं. आणि सांगलीसारख्या सपाट जागी, उतार पाचशेला एक धरला, तर पातळीतली एक फुटाची चूक रेषेला आडवी पाचशे फूट सरकवते. त्यामुळे 'माझा प्लॉट रेषेच्या बाहेर आहे' हे वाक्य बहुतेक वेळा 'माझा प्लॉट रेषेच्या आसपास कुठेतरी आहे' असं वाचायचं.

तीन रकाने

कोऱ्या कागदावर तीन रकाने पाडा. पहिल्यात मोजलेलं, दुसऱ्यात गणितानं काढलेलं, तिसऱ्यात आज कुणालाच माहीत नसलेलं. पुलावरच्या नोंदी पहिल्यात. निळी-लाल रेषा दुसऱ्यात. पुढच्या वीस वर्षांत महाबळेश्वर-कोयनेच्या पाणलोटात पाऊस कसा पडेल, हे तिसऱ्यात.

कृष्णेवर खाली कर्नाटकात असलेलं अलमट्टी धरण कुठल्या रकान्यात टाकायचं यावर नेहमी वाद होतो. धरणाची आजची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर, ती ५२४.२५६ मीटर करायला दुसऱ्या कृष्णा लवादानं २०१० मध्ये मुभा दिली, महाराष्ट्राचा विरोध आहे. पातळी हा पहिल्या रकान्यातला आकडा, पण तिचा सांगलीत पाणी तुंबण्यावर किती परिणाम होईल हे दुसऱ्यातलं, आणि उंची वाढेल का, कधी, हे तिसऱ्यातलं. माझं मत स्पष्ट आहे. प्लॉटच्या हरकतीत अलमट्टीवर सगळा भार टाकू नका. महापालिकेला अलमट्टीचा दरवाजा उघडता येत नाही, पण इथला भराव रोखता येतो. अलमट्टीची उंची वाढली तर ही रेषा कुठे जाईल, तेवढं गणित करून दाखवा, अशी एका ओळीची मागणी पुरे.

दोन्ही बाजूंच्या चुका मांडा

निर्णय कुठलाही घ्या, चुकण्याच्या वाटा दोन असतात. परवानगी दिली आणि पूर आला. किंवा परवानगी नाकारली आणि पूर आलाच नाही. बहुतेक हरकतींमध्ये यातली एकच वाट असते, आणि म्हणून वाचणाऱ्याला ती पक्षपाती वाटते. दोन्ही लिहा, दोन्हींचा भुर्दंड लिहा.

नाकारलं आणि पूर आला नाही, तर जमीनमालकाचं नुकसान होतं. ते खरं नुकसान आहे, त्याला हलकं लेखू नका. कित्येकांनी मुलीच्या लग्नाची, मुलाच्या शिक्षणाची बेगमी म्हणून तो दोन गुंठ्यांचा तुकडा घेतलेला असतो. पण तो निर्णय पाच वर्षांनी नव्या मोजणीनंतर बदलता येतो. दिलं आणि पूर आला, तर भराव उपसून कुणी नेत नाही, इमारत कुणी पाडत नाही. बांधणारा विकून मोकळा झालेला असतो, आणि पाणी भोगायला घर घेणारा उरतो. त्याहून जास्त भोगतो तो शेजारच्या सखल प्लॉटमधला भाडेकरू, कारण भरावामुळे हटलेलं पाणी त्याच्याकडे जातं. त्याच्या नावावर सात-बाराही नसतो, त्यामुळे हरकत घेणाऱ्यांच्या यादीतही तो नसतो. त्याच्या वतीनं लिहा.

एका प्लॉटच्या भरावानं किती पातळी वाढणार, असं समोरून विचारलं जाईल. उत्तर आहे, मोजताही येणार नाही इतकी. म्हणून हिशेब एका प्लॉटचा मागायचा नाही. पट्ट्यात जेवढ्यांना अशी परवानगी मिळू शकते, त्या सगळ्यांनी भराव टाकला तर पातळी किती वाढेल, तो मागायचा.

हीच पद्धत धरणाला लावून पाहा, म्हणजे सावधगिरी नेहमी एकाच दिशेला नसते हे लक्षात येईल. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. पुरासाठी जागा ठेवायची म्हणून जुलैअखेर धरण बरंच रिकामं ठेवा, असं सांगलीकर म्हणतात, मीही म्हणते. पण ऑगस्टनंतर पावसानं दडी मारली तर? टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांवर आशा लावून बसलेले आटपाडी, कवठे महांकाळ, जत हे तालुके याच जिल्ह्यातले. एकाच नदीचं पाणी एकाला बुडवतं आणि दुसऱ्याला पुरत नाही. इथं बरं उत्तर ठाम तारखेला बांधलेलं नसतं. पाणलोटात किती पाऊस झालाय, पुढच्या काही दिवसांचा अंदाज काय, यावर टप्प्याटप्प्यानं पातळी ठरवणारं असतं, आणि ते टप्पे पावसाळ्याआधी जाहीर केलेले असतात.

पैशाचा साधा हिशेब

समजा, पाणी शिरलं की एका घराचं तीन लाखांचं नुकसान होतं. पंचवीस वर्षांतून एकदा धरलं तर वर्षाला सरासरी बारा हजार. खरं प्रमाण दहा वर्षांतून एकदा असेल तर तीस हजार. दोन्ही आकडे लिहा, म्हणजे अनिश्चिततेची किंमत रुपयांत दिसते. पण सरासरीपाशी थांबू नका. ज्याच्याकडे तीस लाखांची शिल्लक आहे त्याला तीन लाखांचा फटका बसतो, ज्याची आयुष्यभराची कमाईच तीन लाख आहे तो संपतो. सरासरीत दोघे सारखे दिसतात. म्हणून शेजारी दुसरा रकाना हवा: सर्वांत वाईट वर्षी कुणाचं काय होईल. जिवाची किंमत मी या हिशेबात धरत नाही. २०१९ मध्ये ब्रह्मनाळला बोट उलटली, तेव्हापासून तर नाहीच. जिथं बाहेर पडायची वाट आधी बुडते आणि घर नंतर, तिथं बांधकामाला माझा सरळ विरोध असतो, जोतं कितीही उंच असो.

भिंतीची गोष्ट निघाली तर

पूरसंरक्षक भिंतीची मागणी लोकप्रिय आहे आणि काही जागी भिंत योग्यही असते. तीन गोष्टी विचारा. भिंतीनं रोखलेलं पाणी समोरच्या काठाला, म्हणजे आपल्याकडे सांगलवाडीला, किती वाढेल? भिंतीच्या आत पडलेला पाऊस आणि शेरीनाल्यासारख्या नाल्यांचं पाणी बाहेर कसं काढणार, आणि वीज गेल्यावर पंप कशावर चालणार? आणि भिंतीची उंची ओलांडणारा पूर आला तर? भिंत झाली की तिच्या मागे बांधकामं वाढतात, हा जगभरचा अनुभव आहे. छोटे पूर टळतात आणि मोठ्या पुरातलं नुकसान आधीपेक्षा जास्त होतं.

काय मागायचं

नुसती हरकत देऊ नका, सोबत मागणी द्या. अंदाज कसाही निघाला तरी ज्याचा पश्चात्ताप होणार नाही ते आधी मागा: नाल्यांची तोंडं मोकळी, गल्लीगल्लीत पातळीचे फलक, उंचावरची निवाऱ्याची जागा ठरलेली, जनावरांची सोय, बोटी आणि त्या चालवणारी शिकलेली माणसं. मग अंदाजावर अवलंबून असलेलं मागा, पण अटीसह. उदाहरणार्थ, 'खालची-वरची मर्यादा दाखवणारा नकाशा प्रसिद्ध होईपर्यंत दोन्ही मर्यादांमधल्या पट्ट्यात नवा भराव नको', आणि 'आयर्विनला पाणी ४५ फूट ओलांडेल त्या प्रत्येक पुरानंतर रेषा तपासून पाहावी'.

कायद्याचा आधार थोडक्यात द्या. वेल्लोर सिटिझन्स वेल्फेअर फोरमच्या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सावधगिरीचं तत्त्व भारतीय कायद्याचा भाग मानलं. आपल्या कृतीनं पर्यावरणाला अपाय होत नाही हे दाखवण्याचा भार ती करणाऱ्यावर टाकला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यात कलम २० मध्ये तेच तत्त्व आहे. आराखड्याची हरकत नियोजन समितीपुढेच चालते, पण तिथं हे तत्त्व मांडायला अडचण नाही. फक्त 'शास्त्रीय खात्री नाही म्हणून सगळं थांबवा' असं लिहू नका. 'खात्री नसताना मागे न फिरता येणारं पाऊल नको' असं लिहा. ते न्यायाला धरून आहे आणि ते नाकारायला समितीला कारण लिहावं लागतं.

हरकत दोन पानांच्या आत ठेवा. वर निर्णयाची ओळ, मग तीन रकाने, दोन्ही बाजूंच्या चुका, पुराच्या खुणांचे फोटो, शेवटी मागण्या. 'मला प्रत्यक्ष म्हणणं मांडायचं आहे' हे वाक्य विसरू नका. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. सुनावणीला जाताना त्या गल्लीतलं एखादं वयस्क माणूस सोबत न्या, ज्यानं २००५ चं, २०१९ चं आणि २०२१ चं पाणी स्वतःच्या उंबऱ्यावर पाहिलंय. बोलायला पाच मिनिटं मिळाली तर तीन त्यांना द्या. बाहेर पडल्यावर इतिवृत्ताची प्रत मागणारा अर्ज त्याच दिवशी टाका.